मिशन आर्किटेक्ट: आर्कवर टीका आली की काय करायचं

'सिटी ऑफ हीरोज' या सुपरहीरोंच्या ऑनलाइन खेळात एप्रिल 2009 ला चौदाव्या इश्यूबरोबर (खेळाच्या मोठ्या अपडेटला इश्यू म्हणतात) मिशन आर्किटेक्ट आलं आणि साध्या खेळाडूला स्वतःची मिशन रचता येऊ लागली. आर्किटेक्ट एंटरटेनमेंटच्या इमारतीत जायचं, एडिटर उघडायचा, मॅप निवडायचा, शत्रू घडवायचे, संवाद लिहायचे आणि जास्तीत जास्त पाच मिशनचा आर्क, म्हणजे सलग कथा, पब्लिश करायचा. मूळ खेळ 30 नोव्हेंबर 2012 ला बंद पडला. 2019 पासून खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर तो पुन्हा उभा राहिला आणि जानेवारी 2024 मध्ये खेळाची मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यातल्या होमकमिंग या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. तिथे आजही लोक आर्क लिहितात. एडिटर कसा वापरायचा हे सांगणारे खूप आहेत. पब्लिश केल्यानंतर जी टीका येते तिचं काय करायचं, हे मात्र जो तो ठेचा खाऊन शिकतो. पुढचं सगळं त्या टप्प्यासाठी आहे.

स्टार आणि मजकूर वेगळे ठेवा

आर्क खेळून झाला की खेळाडूला एक ते पाच स्टार देता येतात आणि तिथूनच लेखकाला दोन ओळी पाठवता येतात. मजकूर फक्त तुम्हाला मिळतो. स्टारची सरासरी मात्र सगळ्यांना दिसते आणि यादीत तुमचा आर्क वर राहणार की खाली जाणार हे तिच्यावर ठरतं. म्हणून लेखकांचा जीव स्टारमध्ये अडकतो.

हिशोब करून पाहा. चार जणांनी पाच स्टार दिले आणि पाचव्याने एक दिला, तर सरासरी 4.2. हाच एक स्टार एकोणीस जणांच्या पाच-पाच स्टारनंतर आला, तर सरासरी 4.8. म्हणजे सुरुवातीच्या पाच-दहा रेटिंगमध्ये आलेला कमी स्टार फार खुपतो, पण तो आर्कबद्दल काहीच सांगत नाही. मजकुराशिवाय आलेल्या एका स्टारचं कारण शोधायला बसू नका. कुणाला कंटाळा आला असेल, कुणाची टीम मध्येच फुटली असेल, कुणाला यादीत स्वतःचा आर्क वर हवा असेल. त्यातून दुरुस्त करता येईल असं काही हाती लागत नाही. त्यावर उपाय एकच, आणखी लोकांनी आर्क खेळावा यासाठी खटपट करणं.

मजकुराचं तसं नाही. 'बोअर झालं' एवढे दोन शब्द आले तरी त्यामागे एखादी जागा असते: कुठलं तरी मिशन, कुठली तरी खोली, कुठला तरी संवाद. ती जागा शोधणं हेच लेखकाचं खरं काम. खेळाडू उपायही सुचवतो, पण तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या कॅरेक्टरला सोयीचा असतो. पोटात दुखतंय हे पेशंटचं म्हणणं खरं मानायचं, गोळी कुठली द्यायची ते मात्र तपासून ठरवायचं, तसं हे आहे.

टीका आल्या दिवशी

त्या दिवशी एडिटर उघडू नका. घाईत एक बॉस बदलला की दुसऱ्या मिशनमधला संवाद खोटा ठरतो, आणि ते लक्षात येतं पुढच्या खेळाडूच्या तक्रारीतून. भारतात खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे बरेच शेरे तुम्ही झोपेत असताना येतात आणि सकाळी लॉगिन करताच एकदम समोर दिसतात. ऑफिस किंवा कॉलेज गाठायच्या गडबडीत त्यांना उत्तर देऊ नका.

एक वही किंवा स्प्रेडशीट ठेवा. प्रत्येक शेऱ्यासाठी एक ओळ: तारीख, आर्कची कुठली आवृत्ती होती, खेळाडूचे शब्द जसेच्या तसे, मिशनचा नंबर, जागा, आणि शेवटी तुम्हाला वाटणारं कारण. 'खेळाडूचे शब्द' आणि 'तुम्हाला वाटणारं कारण' हे दोन रकाने कधीच एकत्र करू नका. 'शेवटचा बॉस अशक्य आहे' हे खेळाडूचे शब्द. 'बॉसचं डॅमेज जास्त आहे' हा तुमचा अंदाज, आणि तो सहज चुकीचा निघू शकतो.

मग खेळाडूला एवढंच विचारा: कुठला आर्केटाइप (ब्लास्टर, टँकर असा कॅरेक्टरचा प्रकार) होता, डिफिकल्टी सेटिंग काय होतं, आणि नेमकं कुठे अडलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय लढाईबद्दलची कुठलीही तक्रार समजूच शकत नाही. सोळाव्या इश्यूपासून प्रत्येक खेळाडू शत्रूंची लेव्हल स्वतःच्या लेव्हलपेक्षा एक खाली ते चार वर अशी निवडू शकतो, शिवाय टीम एक ते आठ जणांची समजावी, एकट्याने खेळताना बॉस यावेत का, आर्कव्हिलन (बॉसहून कितीतरी जड खलनायक) यावेत का, हेही ठरवू शकतो. चार लेव्हल वर आणि आठ जणांच्या सेटिंगवर एकट्याने खेळणारा आणि साध्या सेटिंगवर खेळणारा, यांनी प्रत्यक्षात दोन वेगळे आर्क खेळलेले असतात.

'बॉस फारच जड आहे'

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती हिच्यावरच होते. लेखक बॉसला खालच्या रँकवर आणतो, लढाई बेचव होते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी आर्केटाइप पाहा. तक्रार ब्लास्टर, डिफेंडर किंवा कंट्रोलरकडून आली असेल तर बॉसच्या शक्तींमध्ये स्टन, होल्ड, स्लीप अशा खेळाडूला जखडून ठेवणाऱ्या शक्ती किती आहेत ते मोजा. टँकर, स्क्रॅपर, ब्रूट यांना त्यांच्या संरक्षणाच्या शक्तींमधून अशा परिणामांपासून बचाव मिळतो. ब्लास्टरला तसा मिळत नाही. बॉस एकटा असेल तर ब्लास्टर निभावून नेतो. पण बॉसच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन लेफ्टनंटकडेही (बॉसच्या खालच्या रँकचे शत्रू) स्टन असेल, तर पहिल्या काही सेकंदांत खेळाडू गोठतो आणि हात बांधलेल्या अवस्थेत मरतो. त्याला वाटतं बॉस जड आहे. खरं तर जड आहे ते बॉससोबतचं टोळकं. दुरुस्ती अशी: बॉसला हात लावू नका, सोबतच्या लेफ्टनंटच्या शक्ती बदला किंवा त्या जागेची शत्रूसंख्या कमी करा.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे एकमेकांना झाकणारे शत्रू. स्वतःची टोळी घडवताना लेखक हौसेने एका लेफ्टनंटला फोर्स फील्ड देतो. एक असेल तर छान दिसतं. पण टोळीत लेफ्टनंट तो एकच प्रकारचा असेल, तर मोठ्या टीमसाठी एका ठिकाणी तसे दोन-तीन उभे राहतात, प्रत्येक जण बाकीच्यांवर बुडबुडा चढवतो आणि ते संरक्षण एकावर एक साठत जातं. खेळाडूचे वार हवेत जातात. एकट्याने टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा समोर लेफ्टनंट एकच असतो. अचूकता खाली आणणाऱ्या डार्क किंवा रेडिएशनच्या शक्तींचंही तेच होतं. 'कुणालाच फटका लागत नव्हता' असं टीममधल्या कुणी लिहिलं, तर सरळ टोळीच्या यादीत जा आणि अशी शक्ती किती जणांकडे आहे ते बघा. दोन वेगळ्या प्रकारचे लेफ्टनंट ठेवले आणि बुडबुडे त्यातल्या एकाकडेच ठेवले, की बहुतेक वेळा भागतं.

शत्रूचं डिफिकल्टी सेटिंग एक्स्ट्रीमवर ठेवलेलं असेल तर त्याला दिलेल्या पॉवरसेटमधलं (शक्तींच्या संचातलं) जवळजवळ सगळंच त्याच्या हाती जातं. त्याऐवजी शक्ती हाताने निवडता येतात, पण तिथे एक मेख आहे. शक्ती जितक्या कमी, तितका त्या शत्रूला हरवून मिळणारा एक्सपी (अनुभवाचे गुण) कमी, आणि एडिटर ते टक्क्यांत दाखवतो. बॉस सोपा केला की 'एवढी मारामारी करून मिळालं काहीच नाही' अशी नवी तक्रार येऊ शकते. म्हणून आधी नकोशी एकच शक्ती काढा आणि टक्केवारी किती खाली आली ते पाहा.

आर्कव्हिलनबद्दल एक खुलासा आर्कच्या वर्णनात आधीच लिहा. एकट्या खेळाडूचं आर्कव्हिलनचं सेटिंग बंद असेल तर आर्कव्हिलन एलिट बॉस (बॉस आणि आर्कव्हिलन यांच्या मधली रँक) होऊन येतो. ज्यांना हे माहीत नसतं ते यादीत 'आर्कव्हिलन' वाचूनच मागे फिरतात, आणि ज्यांचं सेटिंग चालू राहून गेलेलं असतं ते चिडून शेरा लिहितात.

'शेवटची वस्तू सापडलीच नाही'

ही तक्रार लेखकाला किरकोळ वाटते, पण मिशन मध्येच सोडून जाणाऱ्यांचं हे फार मोठं कारण आहे. वीस मिनिटं एकच मॅप पालथा घालणाऱ्याला तुमच्या कथेतला पुढचा धक्का कितीही भारी असला तरी तो कधी दिसतच नाही.

मॅप पाहा. गुहांच्या मॅपमध्ये थर-थर असलेली ती खोली, जिला खेळाडू 'लेअर केक' म्हणतात, तिच्यात वस्तू कुठल्या तरी कठड्यावर पडते आणि खालून दिसत नाही. ओरानबेगा या जमिनीखालच्या शहराच्या मॅपमध्ये सगळे कॉरिडॉर सारखेच दिसतात. अशा मॅपवर 'सगळे शत्रू हरवा' किंवा 'सहा वस्तू शोधा' हे उद्दिष्ट देऊ नका. मॅपच एवढा आवडला असेल तर उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते बॉसच्या रूपात ठेवा, कारण बॉसच्या आसपास टोळकं असतं आणि ते लांबून नजरेला पडतं.

जागा ठरवताना एडिटर पुढे, मध्ये, मागे एवढंच विचारतो. नेमकी खोली निवडता येत नाही. शिवाय प्रत्येक मॅपवर प्रत्येक भागात कुठल्या प्रकारची किती उद्दिष्टं मावतात ते एडिटरमध्येच लिहिलेलं असतं. ते आकडे वाचायचा आळस केला की गोष्टी भलतीकडे जातात.

खरी चीड येते ती साखळीतल्या उद्दिष्टांमुळे. एक उद्दिष्ट पुरं झाल्यावर दुसरं उगवावं अशी सोय आहे आणि कथेसाठी ती फार उपयोगी आहे. समजा बॉस मॅपच्या मागच्या टोकाला आहे आणि तो पडल्यावर पुढच्या टोकाला एक कॉम्प्युटर उगवतो. खेळाडू सगळा मॅप साफ करत मागे आलेला आहे, पुढची खोली त्याने पाहून झालेली आहे, आणि आता तिथे काहीतरी नवीन आलंय हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. तो रिकाम्या मॅपवर फिरत राहतो. इथे दोन गोष्टी करा. दुसरं उद्दिष्ट बॉसच्याच टोकाला आणा. तसं कथेत बसत नसेल तर बॉसच्या शेवटच्या संवादात आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या क्लूमध्ये स्पष्ट लिहा की दाराजवळची यंत्रणा सुरू झाली आहे. नेव्हिगेशनच्या ओळीत, म्हणजे पडद्यावर सध्याचं उद्दिष्ट दाखवणाऱ्या ओळीत, 'तपास करा' असं गूढ काही न लिहिता 'दाराजवळचा कॉम्प्युटर बंद करा' असं लिहा. त्या ओळीत कविता करायची नसते.

'माझ्या निम्म्या शक्ती गेल्या'

असा शेरा पन्नासाव्या लेव्हलच्या खेळाडूकडून येतो. खेळातल्या मूळ टोळ्यांना लेव्हलची मर्यादा असते. हेलियन्ससारखी अगदी सुरुवातीची टोळी तुम्ही तिसऱ्या मिशनमध्ये गंमत म्हणून घातली, तर त्या मिशनपुरती खेळाडूची लेव्हलही खाली ओढली जाते. खाली आल्यावर त्या लेव्हलच्या वर पाच लेव्हलपर्यंतच्या शक्ती हाताशी राहतात, बाकीच्या बंद होतात. प्रत्येक मिशनची लेव्हल-रेंज एडिटरमध्ये दिसते. पाचही मिशनच्या रेंज एकमेकींशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर मूळ टोळीच्या जागी तशाच रूपाची स्वतःची टोळी घडवा. स्वतःच्या टोळीत मिनियन (साधे शत्रू), लेफ्टनंट आणि बॉस, तिन्ही रँक ठेवा.

मजकुरावरची टीका

इथे लेखक सगळ्यात जास्त दुखावतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण मॅप खेळाचा असतो, शब्द स्वतःचे असतात.

'माझं कॅरेक्टर असं बोलणार नाही' ही तक्रार एकदाच आली तरी ऐका. ब्रीफिंगमध्ये (मिशनआधीच्या मजकुरात) 'तू घाबरून मागे सरकतोस' किंवा 'तुझ्या मनात सूडाची आग पेटते' असं लिहिलं की तुम्ही दुसऱ्याच्या कॅरेक्टरच्या तोंडी शब्द घालता. या खेळात लोकांनी आपल्या हीरोचं चरित्र वर्षानुवर्षं मनात रचलेलं असतं. कुणाचा हीरो रोबो आहे, त्याला भीतीच नाही. जे खोलीत आहे ते सांगा: भिंत कोसळली, धूर झाला, आतून आवाज आला. त्यावर काय वाटलं ते खेळाडूचं तो ठरवेल. नाव घालायचं असेल तर खेळाडूच्या नावासाठी, सर्वनामासाठी कोड मिळतात ते वापरा. ते टेस्ट करताना एकदा स्त्री कॅरेक्टरने खेळून पाहा, कारण हाताने लिहिलेला एखादा इंग्रजी 'he' कुठेतरी राहून गेलेला असतोच.

'फार वाचावं लागतं' या तक्रारीत अडचण मजकुराच्या लांबीपेक्षा जागेची असते. टीममध्ये खेळताना कॉन्टॅक्टशी, म्हणजे मिशन देणाऱ्या पात्राशी, बोलतो तो लीडर. बाकीचे दारात उभे राहून वाट पाहतात. त्यामुळे कथा कळण्यासाठी अत्यावश्यक असलेली गोष्ट फक्त ब्रीफिंगमध्ये ठेवू नका. ती क्लूमध्ये आणि बॉसच्या बोलण्यातही येऊ द्या. बॉसला तीन-चतुर्थांश, निम्मी आणि पाव तब्येत उरल्यावर बोलता येतं, पण मारामारीच्या धुमाळीत आठ-दहा शब्दांपलीकडचं कुणी वाचत नाही.

इंग्रजीच्या चुका दाखवणारे शेरे आपल्याकडच्या लेखकांना विशेष लागतात. त्यांना तिथल्या तिथे आभार मानून दुरुस्ती करा, त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं. एडिटरच्या चौकटीतच लिहीत बसण्यापेक्षा मजकूर वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये लिहून, शब्द तपासून मग चिकटवा. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून 'अ' आणि 'द' गळतात आणि एकाच परिच्छेदात काळ बदलतो. या दोन गोष्टींसाठी एक वेगळं वाचन करा, मोठ्याने. 'प्रीपोन' किंवा 'डू द नीडफुल' आपल्याला रोजचं वाटतं, पण ओहायोतला वाचक तिथे अडखळतो. ते शब्द तुमच्या भारतीय पात्राच्या तोंडी असतील तर मात्र ठेवा, आणि कुणी चूक म्हणून दाखवले तर तेवढं कळवा.

बदल कधी करायचा

मिशन पुरं होत नाही, दार उघडत नाही, ज्याला सोडवून न्यायचं तो ओलीस भिंतीत अडकतो, संवादात भलत्याच पात्राचं नाव आलंय: यासाठी एक शेरा पुरे. टेस्टमध्ये तसं दिसलं नाही तरी खेळाडू खोटं बोलतोय असं समजू नका. उद्दिष्टं दरवेळी थोड्या वेगळ्या जागी उगवतात.

लढाईच्या तोलाबद्दल किमान दोन वेगळ्या आर्केटाइपकडून एकाच जागेबद्दल शेरा येईपर्यंत थांबा, मधल्या काळात त्या जागेची स्वतः तपासणी करा. आवडीनिवडीच्या गोष्टी, म्हणजे विनोद पटला नाही, शेवट दुःखी आहे, खलनायक सुटतो, यासाठी आमचं मत कडक आहे: वहीत नोंद ठेवा, आणि आर्क ज्या गोष्टीसाठी लिहिलाय तीच बदलावी लागत असेल तर बदलू नका. तीन जणांना दुःखी शेवट आवडला नाही म्हणून तो गोड केला की चौथ्याला आर्क लक्षातच राहत नाही. पण शेवट अचानक आला, कळला नाही, असं तिघांनी म्हटलं तर ती आवड-निवड राहत नाही. तिथे आधीच्या मिशनमध्ये एखादा क्लू कमी पडलेला असतो.

आणि काही टीका चुकीच्या ग्राहकाकडून आलेली असते. या यादीत एक्सपीसाठी बनवलेले फार्म भरपूर आहेत. त्यांच्या शोधात आलेला खेळाडू तुमच्या कथेच्या आर्कमध्ये शिरतो आणि 'शत्रू कमी, बडबड जास्त' म्हणून एक स्टार देतो. इथे आर्कमध्ये काहीही बदलू नका, वर्णनाची पहिली ओळ बदला. कथाप्रधान आहे, एकट्यासाठी की टीमसाठी, साधारण किती वेळ लागतो, एलिट बॉस किती, हे पहिल्या दोन वाक्यांत यावं. पात्राचं काव्यमय वर्णन नंतर.

दुरुस्ती करताना

पहिली गोष्ट, आहे त्या आर्कची फाइल बाजूला काढा. तुमच्या कॉम्प्युटरवर खेळाच्या मिशन्स फोल्डरमध्ये ती स्टोरीआर्क एक्स्टेंशनने असते, साधी टेक्स्ट फाइल आहे. तारीख टाकून कॉपी करा. घडवलेल्या शत्रूंच्या फाइलही सोबत घ्या.

दुसरी, आर्क अनपब्लिश करू नका. पब्लिश केलेल्या आर्कवरच एडिट करून पुन्हा पब्लिश केलं तर आर्कचा नंबर आणि स्टार टिकतात. काढून नव्याने टाकला तर नवा नंबर मिळतो, जुने स्टार जातात आणि ज्यांनी तुमचा नंबर मित्राला दिला होता त्यांना आर्क सापडत नाही. स्टार वाईट आले म्हणून मुद्दाम असं करणारे असतात. पण त्यात चांगले स्टारही जातात.

तिसरी, एका खेपेला एकाच तक्रारीची दुरुस्ती. बॉस सोपा केला, मॅप बदलला आणि शेवटचा संवादही छाटला, तर पुढचा शेरा बरा आला तरी कशामुळे आला ते कळणार नाही. टायपिंगच्या चुका याला अपवाद, त्या एकदम सगळ्या काढा.

मग टेस्ट. टेस्ट मोडमध्ये मार लागू न देण्याच्या, मिशन आपोआप पुरं करण्याच्या सोयी असतात. संवाद आणि क्रम तपासायला त्या वापरा. लढाईबद्दलची दुरुस्ती मात्र सगळ्या सोयी बंद ठेवून तपासा, आणि ज्या आर्केटाइपने तक्रार केली त्याच प्रकारचं कॅरेक्टर घेऊन. तुमचा लाडका टँकर घेऊन खेळलात तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. दोन मित्र मिळाले तर तिघांनी मिळून एकदा खेळा, कारण बुडबुड्यांसारख्या गोष्टी तेव्हाच उघड्या पडतात. मास्टरमाइंड (साथीदारांची फौज घेऊन लढणारा आर्केटाइप) खेळणारा कुणी असेल तर त्याला अरुंद मॅपवर जरूर न्या. त्याचे साथीदार दारात अडकून बसले की मॅप किती चिंचोळा आहे ते लगेच कळतं.

आर्कच्या स्थितीची खूणही खरी ठेवा. काम चालू, फीडबॅक हवा, फायनल असे पर्याय आहेत. फीडबॅक हवा असं लावलेल्या आर्कमध्ये खेळाडू सविस्तर लिहितात आणि छोट्या चुका पोटात घालतात. फायनल लावून कच्चा आर्क टाकला की तेच खेळाडू कडक होतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

उत्तर कसं द्यायचं

दोन ते चार वाक्यं. आभार, नेमकं काय समजलं ते, आणि पुढे काय करणार. तुमचं उत्तर इंग्रजीत जाईल, पण आशय असा: 'तिसऱ्या मिशनमधला कॉम्प्युटर सापडला नाही हे कळवलंत, आभार. तो बॉस पडल्यावर दाराजवळ येतो आणि ते मी कुठेही सांगितलेलं नव्हतं. या आठवड्यात तो बॉसच्या खोलीजवळ हलवतो आहे.' दुरुस्ती झाली की त्याच खेळाडूला एक ओळ पाठवा. बरेच जण परत येऊन खेळतात, काही जण स्टार बदलतात. स्टार बदला अशी विनंती मात्र कधीही करू नका. सगळी मेहनत त्या एका वाक्याने स्वार्थी दिसते.

बदल करणार नसाल तर तेही सांगा: 'खलनायक सुटतो ते खटकलं हे समजलं. पुढचा आर्क त्याच्यावरच आहे, म्हणून ते तसंच ठेवतोय. पण चौथ्या मिशनमध्ये त्याची चाहूल लागत नाही हे तुमच्या शेऱ्यावरून कळलं, तिथे क्लू घालतो.' बॉस कसा मारायचा हे खेळाडूला शिकवू नका. 'बाकीच्यांना जमलं' हे वाक्य तर मनातही आणू नका. कथेमागचा तुमचा हेतू तीन परिच्छेद समजावून सांगायची इच्छा झाली, तर ते परिच्छेद आर्कमध्ये कुठे नाहीत ते पाहा. बहुतेक वेळा तिथेच काम बाकी असतं.

'स्टार ट्रेक ऑनलाइन' या खेळातल्या फाउंड्रीसारख्या मिशन बनवायच्या ठिकाणी परीक्षणं सगळ्यांसमोर असायची. जिथे तशी सोय असेल तिथे उत्तर आणखी आखूड द्या, कारण ते वाचणारे बहुतेक जण अजून तुमचं मिशन खेळलेले नसतात आणि कथेचा उलगडा तुमच्याच उत्तरातून फुटू शकतो.

शिवीगाळ आली तर उत्तर नको. इग्नोर करा, आणि धमकी किंवा जात-धर्म-लिंगावरून बोलणं असेल तर स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हरच्या व्यवस्थापकांकडे द्या. त्या शेऱ्यात एखादा खरा मुद्दा असेल तर तो वहीत जरूर उतरवा, नाव न घालता.

एक शेरा मात्र त्याच दिवशी हाताळायचा: 'हे पात्र अमुक कॉमिकमधलं आहे ना?' मार्व्हलने नोव्हेंबर 2004 मध्ये याच खेळाच्या कंपन्यांवर खेळाडूंनी बनवलेल्या कॅरेक्टरवरून दावा लावला होता, तो डिसेंबर 2005 मध्ये तडजोडीने मिटला. दुसऱ्याच्या मालकीचं पात्र, नाव किंवा जवळजवळ तसाच पोशाख तुमच्या आर्कमध्ये असेल तर कुणी रिपोर्ट करायच्या आत बदला. रिपोर्ट झाल्यावर आर्क काढला जाऊ शकतो.

नंतरची देखरेख

खेळात मोठा बदल आला की काही आर्क अवैध ठरतात: एखादी शक्ती बदलते, एखादा मॅप निघून जातो. असा आर्क तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पब्लिश करेपर्यंत नीट चालत नाही, आणि त्याबद्दल शेरा येईलच असं नाही, खेळाडू नुसते पुढच्या आर्ककडे जातात. म्हणून प्रत्येक मोठ्या पॅचनंतर आपला प्रत्येक आर्क एडिटरमध्ये उघडून लाल खुणा आहेत का ते पाहा. फाइलच्या तारखांसकट ठेवलेल्या कॉपी खेळाच्या फोल्डरबाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. अशा सोयी कधीही बंद पडू शकतात: फाउंड्री 11 एप्रिल 2019 ला बंद झाली. 2012 मध्ये 'सिटी ऑफ हीरोज' बंद पडला तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःच्या स्टोरीआर्क फाइल होत्या, त्यांना पुढे त्याच फाइल उघडून, आवश्यक ते बदल करून, होमकमिंगवर आपले आर्क पुन्हा मांडता आले.